चौदा दिवसांचं पाणी

गोजरबाईच्या गावाने पाच वर्षांत तीन राज्यं पाहिली आणि त्यासाठी कुणाला वेशीबाहेर पाऊल टाकावं लागलं नाही. मध्य प्रदेशात झोपलेली माणसं मुंबई राज्यात जागी झाली आणि पुढे चार वर्षांनी तीच माणसं महाराष्ट्रात. गाव मात्र मोताळ्यापासून दोन कोसांवर होतं तिथंच राहिलं. मधला नाला, नाल्यातली बैलगाडीची चाकोरी आणि चाकोरीतले धोंडे, हेसुद्धा जागचे हलले नाहीत.

मुंबई राज्य चालू असताना गोजरबाईची सून शालू हिचं पहिलं बाळंतपण झालं. शालूला आई नव्हती, म्हणून माहेरी न पाठवता गोजरबाईने ते आपल्या अंगावर घेतलं. शालू तीन दिवस अडली. चौथ्या दिवशी मेलेलं मूल आलं आणि त्यानंतर आठवडाभराने तिची लघवी थांबेना. बसली तरी गळे, उभी राहिली तरी गळे, झोपली तरी गळे. धार नव्हे, थेंब थेंब, पण खंड नाही.

गावाने यावर विचार केला. कुणी म्हणालं, बाहेरची बाधा. कुणी म्हणालं, पोरीने गरोदरपणी ओलांडू नये ते ओलांडलं. काय ओलांडलं यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही. ग्रामपंचायतीचे वामनराव म्हणाले, आपण काही डॉक्टर नाही, पण तुळशीरामाने दुसरी करावी. दुखणं शालूचं आणि इलाज तुळशीरामावर, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

तुळशीराम म्हणजे शालूचा नवरा. त्याला माणसाला तोंडावर नाही म्हणता येत नसे. तो म्हणायचा, "करू ना वामनराव, वांगी निघू द्या." वांगी निघाली की कांदा लागलेला असायचा, कांदा निघाला की मिरची फुलावर. भाजीच्या मळ्यात काहीच निघायचं राहिलं नाही असा महिना येत नाही. अशी सहा वर्षं गेली. वामनरावांनी दाखवलेल्या पोरींपैकी दोघींची लेकरं आता शाळेत जायच्या बेतात होती.

गोजरबाईने बाधाही मानली नाही आणि ओलांडणंही मानलं नाही. तिला कारण माहीत होतं. शालू अडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तुळशीरामाने गाडी जुंपली होती. सुईण सुभद्राबाई म्हणत होती, पहिलटकरणीला वेळ लागतो. आणि कण्हणारी सून गाडीत घालून मोताळ्याच्या भरल्या बाजारातून न्यायची, या विचाराने गोजरबाईच्या जिवावर आलं होतं. ती अंगणात आली आणि म्हणाली, "सोड बैल." तुळशीरामाने बैल सोडले. सहा वर्षांत ही गोष्ट त्या घरात परत कुणी काढली नाही.

त्याऐवजी गोजरबाईने मळ्यातली कामं नव्याने वाटली. तुळशीराम मोट हाकायचा. मोटेचं पाणी ज्या दांडातून, म्हणजे पाटातून, वाफ्यांकडे जातं, त्या दांडावर तिने शालूला उभं केलं. एका वाफ्याचं तोंड बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं. हे काम करणाऱ्या बाईचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलंच असतं. ओल्यात ओलं कुणाला दिसत नाही. दुपारी गोजरबाई स्वतः भाकर घेऊन यायची आणि सुनेजवळ दांडावर बसून जेवायची. गावात बोलणं असं होतं, की सासू कजाग आहे, पोरीला सहा वर्षं पाण्यातून बाहेर काढलं नाही. गोजरबाईने ते बोलणं खोडलं नाही. शालूने आपल्यापुरती आणखी एक युक्ती काढली होती. ती पाणीच पीत नसे. उन्हाळ्यातसुद्धा सकाळी एक पेला आणि संध्याकाळी अर्धा.

चौसष्ट साली सरकारला सुईणींना शिकवावंसं वाटलं. सुभद्राबाईने तोवर अर्धा गाव बाहेर काढला होता. तिला आठ दिवस घाटावर नेऊन कापडाची बाहुली कशी बाळंत करायची ते शिकवण्यात आलं. येताना तिला एक पत्र्याची पेटी मिळाली. त्यात कात्री, साबण, दोरा आणि नखं घासायचा ब्रश होता. ती पेटी डोक्यावर घेऊन सुभद्राबाई सरळ मळ्यात आली.

"गोजरे, तठी एक नर्सबाई हाये, सिंधूताई नावाची," ती म्हणाली. "तिनं इचारलं, तुमच्या गावात कोनाची लघवी गळते काय? म्या म्हनलं, हाव. तर म्हने तिले घेऊन या, शिवता येते."

"काय शिवता येते?"

"भोक. आत भोक पडते म्हने. पोराचं डोकं अडून राह्यते, तठचं मास मरते, मंग भोक पडते. आन् एक दिवस, एक रात, त्याच्या पुढं पोटुशी घरी ठिवायची नाई, गाडी जुंपायची, असं त्या बाईनं आमच्याकडून घोकून घेतलं." सुभद्राबाईने पेटी खाली ठेवली. "म्या तवा तीन दिवस बसून राह्यली होती, गोजरे."

"तू एकटीच नोती," गोजरबाई म्हणाली आणि वांगी तोडू लागली. पण ती कोवळीच तोडत होती, हे सुभद्राबाईच्या लक्षात आलं.

चौथ्या दिवशी गोजरबाई शालूला घेऊन राजूरच्या घाटाने वर गेली. एसटीत शालू बसली नाही. सीट रिकामी असून बाई उभी का, असं कंडक्टरने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा गोजरबाई म्हणाली, "तुले काय करायचं बे? तिकीट फाडलं ना पुरं?"

घाटावरचा तो दवाखाना वीस खाटांचा होता आणि तिथे महिन्यातून काही दिवस नागपूरची डॉक्टरीण येत असे. तिने शालूला तपासलं, पंधरा दिवस रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आणि मग ऑपरेशनच्या आधी गोजरबाईला समोर बसवून कागदावर चित्र काढलं. ही लघवीची पिशवी, हा बाळ येण्याचा मार्ग, आणि या दोहोंच्या मधल्या पडद्याला पडलेलं हे छिद्र. गोजरबाई बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली.

"म्हंजे दांड फुटला," ती म्हणाली.

दांड म्हणजे काय ते सिंधूताईने डॉक्टरीणबाईंना सांगितलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. कॉलेजात शिकलेल्या माणसाला अडाण्याच्या तोंडची उपमा सापडली की त्याला इतकं बरं वाटतं, की तो ती परत करत नाही. "अगदी बरोबर!" त्या म्हणाल्या. "दांड फुटलाय. मी त्याला चिखल लावून बुजवणार. तो चिखल वाळायला चौदा दिवस लागतात. तोवर पाणी दांडात साचू द्यायचं नाही. म्हणून आपण एक नळी घालणार, सगळं पाणी परस्पर खालच्या बाटलीत. समजलं?"

"समजलं ना बाप्पा," गोजरबाई म्हणाली. "याच्यात न समजन्यासारखं काय हाये?"

ऑपरेशन अडीच तास चाललं आणि चांगलं झालं. शालूला आठ खाटांच्या बायकांच्या वॉर्डात, पाय मोडलेल्या रुक्मिणीबाईंच्या शेजारी ठेवलं. नळी खाटेखालच्या काचेच्या बाटलीत सोडली. सिंधूताईने सांगितलं, "आजी, हिला भरपूर पाणी पाजायचं. तासाला एक पेला. किती पाजलं ते मला सांगत जा, मी कागदावर लिहिते."

गोजरबाईने मान हलवली. पण तिचं मन सिंधूताईकडे नव्हतं. ते डॉक्टरीणबाईंनी मान्य केलेल्या दांडावर होतं. फुटलेला दांड कसा बांधतात हे घाटाखालच्या कुठल्याही माळ्याच्या पोराला येतं. आधी मोट थांबवायची. मोट चालू ठेवून लावलेला चिखल जगात कुठे टिकलेला नाही. डॉक्टरीण शहरची, तिने उभ्या जन्मात दांड पाहिला नाही, तिला ही पहिली गोष्ट ठाऊक नसणार. आणि एवढ्या शिकलेल्या बाईला चारचौघांत चुकीचं ठरवणं बरं दिसत नाही. गोजरबाईने ठरवलं की न बोलता आपणच मोट थांबवायची.

शालूला पाणी न पिण्याची सहा वर्षांची सवय होती. दोघींचं लगेच जमलं. पेला भरायचा, ओठाला लावायचा आणि उरलेला खिडकीतून जास्वंदीला. सिंधूताई येऊन विचारायची, "प्यायली का?" गोजरबाई म्हणायची, "हाव." कागदावर दोन दिवसांत एकोणतीस पेले चढले. जास्वंदीला दोन नवी फुलं आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी शालूचं ओटीपोट दुखायला लागलं. सिंधूताईने खाली वाकून पाहिलं. बाटलीत चहाच्या रंगाचं चार बोटं पाणी होतं आणि नळीतून थेंब पडत नव्हता. तिने चादर उचलली. चादर ओली होती.

"आजी, एकोणतीस पेले गेले कुठं?" सिंधूताईने विचारलं.

गोजरबाईने पदर सावरला आणि सगळं सांगितलं. मोट थांबवल्याशिवाय चिखल वाळत नाही, हेही सांगितलं. सिंधूताई संग्रामपूरकडची, शेतकऱ्याचीच मुलगी. ती ओरडली नाही. तिने आधी पिचकारीने नळीत औषधाचं पाणी सोडलं, परत ओढलं, पुन्हा सोडलं. पाचव्या खेपेला गढूळ साका बाहेर आला, नळी वाहू लागली आणि शालूने सुस्कारा टाकला. मग सिंधूताई स्टुलावर बसली.

"आजी, तुमची मोट विहिरीवर आहे. बैल सोडले की पाणी बंद. हिची विहीर हिच्या अंगात आहे, ती बंद होत नाही, नुसती गढूळ होते. तुम्ही पाणी तोडलं, गाळ आला, नळी बुजली, आणि सगळा दाब टाक्यांवर गेला."

"मंग टाके?"

"ते आत्ता नाही सांगता येत. चादर भिजली ती नळीच्या बाजूने असेल किंवा टाक्यांतून असेल. चौदाव्या दिवशी कळेल."

सिंधूताई गेली. वॉर्डात दुपारची सुस्ती होती, रुक्मिणीबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या. गोजरबाई खाटेच्या पायथ्याशी खाली बसली. तिने एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा सुनेच्या पायांकडे.

"शाले, हे म्या दुसऱ्यांदा केलं," ती म्हणाली. "पयल्या डावाले बी माहंच होतं. तुळशीरामानं गाडी जुंपली होती. म्या बैल सोडाले लावले."

"मले माहीत हाये," शालू म्हणाली. "म्या आतून आयकलं होतं."

गोजरबाईने मान वर केली. "मंग सहा वरसं बोलली काऊन नाई?"

शालू छताकडे पाहत होती. "मले वाटलं तुमीच काढसान गोष्ट. तुमी रोज दांडावर येऊन जेवाले बसत. गावातली एक बाई माह्याजवळ बसत नोती. म्या म्हनलं, बसून राह्यल्या ना, हेच बोलनं असंन." मग ती म्हणाली, "भाजीत मीठ मात्र लय टाकता आत्याबाई. त्याच्यानं मले तहान लागे, आन् पानी तर प्याचं नाई."

गोजरबाईने पदराने नाक पुसलं. "सहा वरसं हे तरी सांगायचं होतं व," ती म्हणाली, आणि उठून तांब्या भरून आणला. "घे. सारा पे."

पुढचे अकरा दिवस त्या वॉर्डात पाण्याचं राज्य होतं. दवाखान्यासमोरच्या कचेरीत तासाला टोले पडत. टोला पडला की गोजरबाई तांब्या घेऊन उभी. शालूने पेला रिकामा करून उलटा धरून दाखवायचा, अशी पद्धत होती. एकटीला पाजणं बरं दिसेना म्हणून तिने हळूहळू इतर खाटांनाही पाजायला सुरुवात केली. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "माहा पाय मोडला हो, लघवी चांगली हाये." गोजरबाई म्हणाली, "चांगली हाये तर चांगली राहू द्या, प्या." डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या वेळी नोंद केली की या महिन्यात वॉर्डातल्या एकूण प्रकृतीत सुधारणा दिसते, कारण कळत नाही.

उरलेला वेळ गोजरबाई बाटलीसमोर बसून थेंब पाही. नळीला पीळ पडू नये म्हणून ती खाटेजवळ झाडूवालीलाही येऊ देईना. थेंब पडायला क्षणभर उशीर झाला की सिंधूताईच्या नावाने हाक. चादर ती दर तासाला हात घालून बघे. कधी कोरडी लागे, कधी हाताला थंड लागे आणि मग थंड म्हणजे ओली की नुसती थंड, हे ठरवण्यात पुढचा टोला पडे. घाटावर गारठा फार.

सोमवारी तुळशीराम टोपलीभर वांगी घेऊन आला आणि त्याच्याबरोबर वामनरावही. त्यांचं कोर्टाचं काम होतं. वामनराव स्टुलावर बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "काय म्हणते तब्बेत? तसं सरकारी इलाजावर माझा विश्वास आहे, पण तुळशीराम, माणसानं दुसराही विचार…"

तेवढ्यात टोला पडला. "प्या," गोजरबाईने त्यांच्यापुढे पेला धरला.

"मला तहान नाही हो."

"कोनाले हाये? प्या."

वामनरावांनी एकामागून एक तीन पेले घेतले आणि दुसरा विचार न सांगता बाहेर मुतारी कुठे आहे ते विचारत गेले. तुळशीरामाने बायकोकडे पाहिलं. शालू तोंडावर पदर धरून हसत होती. "हळू हस," गोजरबाई म्हणाली, "टाके हायेत."

चौदाव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी परीक्षा घेतली. नळीतून पिशवीत निळं औषध सोडायचं आणि बाळाच्या मार्गात कापसाचे तीन बोळे ठेवायचे, एकामागे एक. टाके सुटले असतील तर निळं पाणी झिरपून आतले बोळे निळे होणार. टाके धरले असतील तर कापूस पांढरा. गोजरबाईला पडद्याबाहेर थांबायला सांगितलं. ती थांबली, पण पडद्याला इतकी चिकटून की पडद्यालाच पुढे सरकावं लागलं.

दहा मिनिटांनी सिंधूताई ताटलीत तीन बोळे घेऊन बाहेर आली. गोजरबाईला पहिला दिसला तो निळा. चांगला वाटाण्याएवढा निळा डाग. तिने खाटेचा गज धरला.

"हा सगळ्यात बाहेरचा," मागून आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नळी काढताना एखादा थेंब सांडतो, त्याचा डाग. हे दोन आतले, ते बघा."

या वेळी त्यांनी उपमा दिली नाही.

गोजरबाईने ते दोन बोळे ताटलीसकट उचलले आणि खिडकीकडे नेले. मोताळ्याच्या बाजारात कापसाच्या गाडीत हात घालून व्यापारी पाहतात तसं तिने ते उजेडात धरले, उलटे केले, पुन्हा धरले. कुठे किडक्या बोंडाची कवडी नाही, डाग नाही, पिवळेपणा नाही. असा माल तिने आयुष्यात पाहिला नव्हता.

"पांढरा हाये," ती म्हणाली.

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"दोनी बी."

"दोन्ही."

गोजरबाईने ताटली सिंधूताईला परत दिली. मग डॉक्टरीणबाईंनी पुढच्या गोष्टी सांगितल्या. तीन महिने जड उचलायचं नाही. तीन महिने नवऱ्याजवळ जायचं नाही. आणि परत दिवस राहिले तर नववा महिना लागताच इथे यायचं, कळा सुरू होण्याची वाट बघायची नाही. पोट कापून मूल काढू, म्हणजे टाक्यांवर ताण नाही.

"तीन मयने दोघांच्या मधात माही बाज टाकीन," गोजरबाई म्हणाली. "आन् नवव्या मयन्याचं म्हनसान तर आठव्यातच आनून बसवतो. तिच्या संग सुभद्रेले बी आनतो. तिनं आपल्या हातानं सहीचा अंगठा द्यावा का पोरगी वक्तावर पोचवली."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगठ्याची गरज नाही.

नळी काढली होती. आता काय करायचं ते शालूला कळेना. सिंधूताईने सांगून ठेवलं होतं की लागली की लगेच जा, धरून बसू नको. पण लागणं म्हणजे काय हे ती सहा वर्षांत विसरली होती. ती कोरड्या चादरीवर मांडी न घालता, पाय खाली सोडून बसली. जेवण झालं. दोन टोले पडले, दोन पेले गेले. रुक्मिणीबाई दर पाच मिनिटांनी विचारत, "झालं काय काही?" शालू मान हलवी. गोजरबाई समोर बसली होती. बघायला आता बाटली नव्हती, म्हणून ती सुनेच्या चेहऱ्याकडे बघत होती.

तिसऱ्या टोल्याच्या आधी शालूच्या कपाळाला बारीक आठी पडली. तिने ओटीपोटावर हात ठेवला.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "मले लागली वाट्टे."

"लागली!" गोजरबाई उभी राहिली. आठही खाटांनी माना वळवल्या. "चाल, ऊठ, चाल लवकर!"

संडास वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला होता. शालू उठली. तिने लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या आणि चालू लागली. मागे तांब्या घेऊन गोजरबाई. दाराशी आल्यावर शालूने वळून रुक्मिणीबाईंना विचारलं, पाय आज कसा वाटून राह्यला. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "तू जाय व माय आधी!" शालू वऱ्हांड्यात आली. निम्म्या वाटेवर खिडकी होती. तिथे ती थांबली.

"शाले, काय करून राह्यली? सिंधूताईनं सांगतलं ना, धरायची नाई!"

"येवढ्यानं काई होत नाई," शालू म्हणाली. "धरली तर थांबून राह्यली ना पन ते."

गोजरबाईने तांब्या खाली ठेवला. शालू खिडकीचा गज धरून बाहेर पाहत होती. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. एक पाण्याची टाकी होती, वाळत घातलेल्या चादरी होत्या, आणि कचेरीचा शिपाई टोला द्यायला निघाला होता. तिने ते सगळं सावकाश पाहून घेतलं, टोला पडू दिला, आणि मग संडासाकडे गेली.